गावच्या पैशाचा हिशेब आणि आपली वस्ती
(रांजणगाव गणपती येथे संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मला जो विषय दिला आहे तो भाषणाचा कमी आणि वहीचा जास्त आहे. सार्वजनिक पैसा गावच्या सोयींवर कसा खर्च होतो, हा तो विषय. जमाखर्च म्हटले की लोकांना झोप येते हे मला माहीत आहे. परंतु आपल्या नळाला पाणी किती वाजता येते, आपल्या गल्लीतली गटार कधी उपसली जाते, खांबावरचा दिवा लागतो की नाही, हे सारे त्या वहीत ठरते. म्हणून तासभर जागे राहण्याची विनंती करतो.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती आपल्याला पाठ आहे, पण तिची एक बाजू आपण क्वचित पाहतो. दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. पुढे १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे धोरण पाळणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला पाणी प्राशन केले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, असे न्यायालयाने मानले.

महाडचा लढा हा माणुसकीचा लढा होता, याविषयी दुमत नाही. परंतु कायद्याच्या भाषेत त्याचा पाया काय होता, ते नीट पाहा. तळे सार्वजनिक आहे. सार्वजनिक संस्था ते सांभाळते. ज्याच्यावर सर्वांचा पैसा खर्च होतो, त्यावर सर्वांचा हक्क आहे. हेच सूत्र आजच्या ग्रामपंचायतीच्या नळाला, दिव्याला आणि गटारीला लागू पडते. फरक इतकाच की आज आपल्याला कोणी तळ्यावरून हाकलत नाही. आज आपली वस्ती जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असते आणि पाणी तिथपर्यंत पोचत नाही. हा अन्याय आवाज करत नाही. तो वहीत असतो, म्हणून तो वही वाचल्याशिवाय दिसत नाही.

बाबासाहेब मूळचे अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हे विद्यार्थी मित्रांनी विसरू नये. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कर कोणी गोळा करायचा आणि खर्च कोणी करायचा, मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी झाली, हा त्या ग्रंथाचा विषय. आणि हेच बाबासाहेब गावपंचायतींविषयी मात्र फार सावध होते. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर त्यांनी कडक टीका केली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतही त्यांनी गावाचे गोडवे गाण्यास नकार दिला. जातीने विभागलेल्या गावाच्या हाती सत्ता दिली तर ती अल्पसंख्य वस्तीवर कशी चालेल, ही त्यांची चिंता होती.

ती चिंता खोटी होती असे कोणी म्हणू शकेल काय? मात्र १९४८ नंतर काही गोष्टी बदलल्या, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. म्हणजे कुलपे लावली गेली. पण कुलूप असून किल्ली वापरली नाही तर घर उघडेच राहते. ती किल्ली म्हणजे हिशेब विचारणे.

आता गावच्या तिजोरीकडे येऊ. आपल्या रांजणगावचेच उदाहरण घ्या. हे अष्टविनायकातले महागणपतीचे गाव. पुणे-नगर रस्त्यावरचे असल्यामुळे रोज यात्रेकरूंची वर्दळ असते. त्यात १९९० च्या दशकापासून शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली. फियाट, व्हर्लपूल, एलजी यांसारखे मोठे कारखाने आले. त्यांच्या मागोमाग मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून कामगार आले. भाड्याच्या खोल्या वाढल्या. कारेगाव, ढोकसांगवी या शेजारच्या गावांचीही हीच कथा. नावाला ग्रामपंचायत, पण बोजा शहराचा. कचरा शहराएवढा, सांडपाणी शहराएवढे, पाण्याची मागणी शहराएवढी. अशा गावात पैसा येतोही जास्त आणि कमीही लवकर पडतो.

हा पैसा येतो कोठून? ग्रामपंचायतीचे दोन खिसे असतात. पहिला खिसा स्वतःच्या उत्पन्नाचा. त्यात घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे वगैरे येते. यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूदही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. घरपट्टीची आकारणी २०१५ अखेरच्या सुधारित नियमांपासून इमारतीच्या भांडवली मूल्यावर होऊ लागली. दुसरा खिसा अनुदानाचा. त्यात वित्त आयोगाचा निधी, जमीन महसुलातला व मुद्रांक शुल्कातला वाटा, जिल्हा परिषदेच्या आणि शासनाच्या योजना येतात.

या दोन खिशांतला फरक लक्षात ठेवा, कारण अनुदानाला बहुधा दोरी बांधलेली असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांत दिलेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिली होती. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होते, पण पगारावर नाही. याउलट स्वउत्पन्नावर गावाचा स्वतःचा अधिकार जास्त चालतो. आणि आपल्या समाजाचा थेट वाटा याच पहिल्या खिशात आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च केली पाहिजे, असा शासनाचा आदेश आहे. जिल्हा परिषदेलाही आपल्या स्वतःच्या उत्पन्नातून २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी ठेवावी लागते. एक सोपा हिशेब करू. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला २० लाख रुपये आहे. त्यातले ३ लाख मागासवर्गीयांसाठी, २ लाख महिला व बालकांसाठी आणि १ लाख दिव्यांगांसाठी झाले. पण मागणी २० लाखांची असून वसुली १२ लाखांचीच झाली, तर आपले ३ लाख १ लाख ८० हजारांवर येतात. म्हणजे गावात कोणाचीही मोठी थकबाकी राहिली की आपल्या वस्तीच्या वाट्यातले पैसे कमी होतात. तेव्हा करवसुलीचा प्रश्न हा केवळ सरपंचांचा प्रश्न नाही. बिल हाती पडल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, अशी तरतूद कायद्यात आहे. आपणही आपली घरपट्टी वेळेवर भरावी आणि पावती जपून ठेवावी. ज्याच्या हातात पावती आहे त्याचा आवाज सभेत खणखणीत निघतो.

आता हे पैसे जातात कोठे? इथे मला मनातली गोष्ट बोलू द्या. अनेक गावांत असे दिसते की मागासवर्गीयांचा १५ टक्के निधी शेवटच्या तिमाहीत, मार्च महिन्यात घाईघाईने खर्च होतो. त्यातून प्रवेशद्वाराची कमान होते, फरशीचे गट बसतात, बाकडी येतात, भांड्यांचा संच घेतला जातो. आपणही त्यावर समाधान मानतो, कारण वस्तू डोळ्यांना दिसते आणि तिचे उद्घाटन होते. परंतु त्याच वस्तीत दहावीच्या मुलाला अभ्यासाला बसायला जागा नसते. त्याच वस्तीतली बाई पहाटे चारला उठून पाण्याची वाट पाहते. कमान एकदा बांधली की तिचे बिल एकदाच निघते. पाणी मात्र रोज द्यावे लागते, गटार दर आठवड्याला उपसावी लागते, दिवा महिन्याला बदलावा लागतो. एकदाच होणारे काम आणि रोज मिळणारी सेवा, या दोहोंतला फरक आपण ओळखला पाहिजे. काम मागायला आपण शिकलो. सेवा मागायला अजून शिकायचे आहे.

बुद्धवचनात कूटदन्त सुत्त आहे. त्यात महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की राज्यात चोऱ्या-लुटालूट चालू आहे. अशा वेळी नवा कर बसवू नकोस आणि नुसती शिक्षाही करू नकोस. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला योग्य वेतन दे. मग राज्य आपोआप निर्भय होईल. राजकोशातला पैसा दिखाव्यावर घालवावा की लोकांच्या उपजीविकेवर, हाच तो प्रश्न आहे. गावच्या अंदाजपत्रकावर बोलताना हा प्रश्न आपण नेहमी समोर ठेवावा.

काही जण म्हणतील, हे सगळे ठीक, पण आम्हाला हिशेब कोण दाखवणार? मित्रहो, दाखवण्याची मेहेरबानी मागायची नाही. कायद्यानेच ते सांगितले आहे. अधिनियमाच्या कलम ८ नुसार आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे गेल्या वर्षाचा वार्षिक जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाच्या कामांचा कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी व तिला दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. लेखापरीक्षण म्हणजे स्थानिक निधी लेखा विभागाने केलेली तपासणी. त्यात कोणत्या खर्चावर आक्षेप घेतला, कोणती पावती सापडली नाही, कोणता निधी अखर्चित राहिला, हे लिहिलेले असते. १५ टक्के निधीची शिल्लक राहिली असेल तर तीही तिथे दिसली पाहिजे. ही टिपणी मोठ्याने वाचून दाखवा, एवढी एक मागणी केली तरी सभेचा रंग पालटतो.

वह्यांचीही ओळख करून घ्या. २०११ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखासंहितेप्रमाणे हिशेबाचे ३३ नमुने ठरलेले आहेत. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. नमुना ५ म्हणजे रोकडवही. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, ज्यात आपल्या घराची नोंद असते. एखादे काम झाले की त्यामागे कागदांची एक साखळी असते. आधी ग्रामसभेचा किंवा मासिक सभेचा ठराव, मग अभियंत्याने केलेले कामाचे अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटी सरपंच व ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने पैसे निघणे. ग्रामसेवकांचे पदनाम २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण जबाबदारी तीच. आपल्या गल्लीत शंभर मीटर गटार झाल्याचे मोजमाप पुस्तिकेत लिहिले असेल, तर टेप घेऊन मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. ती गटार सार्वजनिक आहे.

ग्रामसभेत माहिती मिळाली नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते शुल्कही माफ आहे. याशिवाय २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च मोबाईलवर पाहता येतो. आपल्या घरोघरी मुले मोबाईल पाहतात, त्यातली दहा मिनिटे यासाठी काढली तर काय बिघडते?

शहरात राहणाऱ्यांपेक्षा खेड्यातल्या माणसाला एक जादा अधिकार आहे, हेही सांगतो. शिरूर किंवा दौंड येथे नगरपरिषद आहे. तिथला नागरिक नगरसेवक निवडतो आणि मग अंदाजपत्रक नगरसेवक मंजूर करतात. नागरिकांच्या क्षेत्रसभेची तरतूद शहरांसाठी कायद्यात आली, पण ती ग्रामसभेसारखी रुजली नाही. गावात मात्र मतदार यादीतला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याची पद्धत आहे. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. म्हणजे हजारो मतदारांच्या गावातही १०० माणसे जमली की सभा होते. आपल्या वस्तीतून तीस-चाळीस माणसे गेली तर ती सभेतली मोठी संख्या ठरते. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पाण्याचा प्रश्न तिथे आमच्या माता-भगिनींनी मांडला तर तो पुरुषांपेक्षा नेमका मांडला जाईल, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर निघून जाऊ नका. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि महत्त्वाचे ठराव पुष्कळदा तिथेच मंजूर होतात.

इथे आपल्या भाडेकरू बांधवांचा विचारही केला पाहिजे. औद्योगिक वसाहतीत काम करणारे आपले अनेक तरुण दहा-बारा वर्षे इथे राहतात, पण मतदार यादीत त्यांचे नाव गावाकडे असते. घरमालक घरपट्टी भरतो ती त्यांच्या भाड्यातूनच. पाणी ते वापरतात, गटारीचा त्रास त्यांना होतो, पण सभेत त्यांना हात वर करता येत नाही. ज्यांचे वास्तव्य आता कायमचे इथलेच झाले आहे, त्यांनी इथल्या यादीत रीतसर नाव नोंदवावे. त्यांना अर्ज भरून देण्याचे काम आपल्या संस्थेने करावे, अशी माझी सूचना आहे.

वस्तीसाठी आणखी एक मार्ग आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत चालते. पाणीपुरवठा, गटार, अंतर्गत रस्ते, वीज, समाजमंदिर अशी कामे तीत घेता येतात आणि निधी वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो. म्हणून वस्तीची लोकसंख्या कागदावर बरोबर लिहिली आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले, चांगले झाले. आता पाण्याची वेळही बदलू द्या.

एक सावधगिरी मात्र सांगतो. हिशेब विचारायचा तो भांडणासाठी नाही. सरपंच आपल्या गटाचा नाही म्हणून हिशेब मागायचा आणि आपल्या गटाचा आला की गप्प बसायचे, असे झाले तर लोक आपला एकही प्रश्न खरा मानणार नाहीत. आपला माणूस सरपंच असताना हिशेब विचारणे अधिक गरजेचे आहे. ग्रामसेवकाशी, सदस्यांशी सभ्यतेने बोलावे, प्रश्न लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. आपल्या संस्थेने आपला स्वतःचा जमाखर्चही सभासदांपुढे दरवर्षी असाच उघडा ठेवावा. जो आपल्या घरात दिवा लावतो त्यालाच चावडीवरच्या अंधाराविषयी बोलण्याचा अधिकार येतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे. एका वर्षासाठी एक काम हाती घ्या. चार-पाच जणांनी मिळून एक वही करा. वस्तीत किती खांब आहेत आणि किती दिव्यांचा प्रकाश पडतो, कोणत्या नळाला किती मिनिटे पाणी येते, गटार कोणत्या तारखेला उपसली, हे महिनाभर लिहा. मग ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागवा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा. एकीत खर्च आहे, दुसरीत सेवा आहे. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे तुमचा प्रश्न तयार झाला. तो प्रश्न पुढच्या ग्रामसभेत एकाने वाचावा आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. बाबासाहेबांनी शिका म्हटले, तेव्हा त्यांना परीक्षेपुरते शिकणे अभिप्रेत नव्हते. आपल्या गावचा जमाखर्च वाचता येणे हेही शिक्षणच आहे.

पुढच्या वर्षी याच सभेत त्या वहीतला हिशेब तुमच्यापैकी कोणी वाचून दाखवावा, अशी इच्छा व्यक्त करतो. 

जयभीम. जय भारत.